मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. तरीही पाचवी-सहावीपर्यंत पोचलेली बरीच मुलं इंग्रजीचं अनोळखी पान समोर आलं की थांबतात. पुढचे प्रश्न शिक्षकांकडून आणि पालकांकडून पुन्हापुन्हा येतात. घरात इंग्रजी बोललं जात नाही आणि मराठी वाचता येतं, अशा मुलांना डोळ्यासमोर ठेवून उत्तरं दिली आहेत.

मूल मराठी धडाधड वाचतं, मग इंग्रजीतच का अडतं?

मराठीत अक्षर दिसलं की उच्चार जवळपास ठरलेला असतो. इंग्रजीत तसं नाही. तिथं अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४. एकटा 'ए' घ्या: कॅट, केक, कार, बॉल, अबाउट या पाचही शब्दांत तो आहे आणि पाचही ठिकाणी वेगळा वाजतो. मूल गोंधळतं यात नवल नाही.

दुसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. मराठीत मूल 'का' हे एकसंध अक्षर म्हणून ओळखतं. त्यात 'क्' आणि 'आ' असे दोन तुकडे आहेत हे त्याला वेगळं काढून बघावं लागत नाही, बाराखडीनं ते काम परस्पर करून ठेवलेलं असतं. इंग्रजीत स्वर आणि व्यंजन शेजारी शेजारी सुटे उभे असतात आणि त्यांची सांधणी मुलाला स्वतः करावी लागते. हे कौशल्य नवं आहे, ते मुद्दाम शिकवावं लागतं. मराठी येतं म्हणून ते आपोआप येत नाही.

गफ आणि टनमर या दोघा अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असली तर उत्तरही शून्य. मराठी मुलाच्या बाबतीत इंग्रजीच्या दोन्ही बाजू कच्च्या असतात. म्हणून दोन्हींवर रोज थोडं थोडं काम हवं.

एबीसीडी पाठ आहे, दोनशे स्पेलिंगं पाठ आहेत. तरी नवा शब्द का वाचता येत नाही?

कारण त्याला अक्षरांची नावं येतात, आवाज येत नाहीत. 'सी-ए-टी कॅट' हे पाढ्यासारखं म्हटलं जातं. पण सी, ए आणि टी जोडून पाहा, 'सीएटी' होतं, 'कॅट' होत नाही. मुलानं शेवटचा शब्द लक्षात ठेवलेला असतो, वाचलेला नसतो. कॅटऐवजी 'मॅट' लिहून द्या, लगेच कळेल.

काही अक्षरांची नावं तर सरळ फसवतात. 'वाय'चं नाव व-नं सुरू होतं, म्हणून मुलं 'यस' हा शब्द 'वेस' वाचतात. 'डब्ल्यू' आणि 'एच' यांच्या नावात त्यांचा आवाजच नाही.

भिंतीवरचा तक्ताही तपासा. 'आय फॉर आइस्क्रीम' काढून 'इंक' लावा, कारण सुरुवातीच्या शब्दांत 'आय'चा आवाज 'इ' असतो. 'एस फॉर शिप' असेल तर ते चित्र आजच काढा, तिथं आवाज 'श' आहे आणि तो दोन अक्षरं मिळून करतात. 'एक्स फॉर झायलोफोन'चा काहीच उपयोग नाही. मुलाला 'एक्स' भेटणार आहे तो बॉक्स, फॉक्स, सिक्स अशा शब्दांच्या शेवटी, 'क्स' म्हणून.

आवाज कोणत्या क्रमानं शिकवायचे?

ए ते झेड या क्रमानं नको. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी घ्या. एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पिट, ॲंट, स्पिन असे बरेच शब्द तयार होतात आणि मूल पहिल्याच पंधरवड्यात स्वतः शब्द वाचतं. मग एम, डी, जी, ओ, सी, के. मग ई, यू, आर, एच, बी, एफ, एल. उरलेली त्यानंतर. क्यू आणि एक्स शेवटी. बी आणि डी यांच्यात मुद्दाम काही आठवड्यांचं अंतर ठेवा.

पहिलीत आठवड्याला दोन अक्षरं पुरेत. दुसरी-तिसरीत तीन-चार चालतात. अक्षर शिकवताना आधी लहान लिपी, कारण पुस्तकातला जवळजवळ सगळा मजकूर लहान लिपीत असतो. मोठी अक्षरं मागाहून येतात. वळणदार जोडून लिहिण्याची लिपी तर वाचन पक्कं होईपर्यंत बाजूलाच ठेवा.

वीस मिनिटांचा तास असा लावता येतो. पहिली तीन मिनिटं फळ्याकडे न बघता फक्त कान: 'पिन'मध्ये पहिला आवाज कोणता, शेवटचा कोणता, 'प्' काढून 'ट्' घातला तर काय होईल. पुढची तीन मिनिटं नवं अक्षर: आवाज, तोंडाची ठेवण, हवेत गिरवणं. मग सात मिनिटं जोडवाचन, म्हणजे सुटे आवाज जोडून शब्द वाचणं. मग चार मिनिटं श्रुतलेखन, पाच शब्दांचं, स्पेलिंग न सांगता फक्त शब्द उच्चारून. उरलेल्या वेळात शिकवलेल्या अक्षरांचंच एखादं वाक्य. श्रुतलेखन गाळू नका. ऐकलेला शब्द सुट्या आवाजांत फोडता येतो की नाही हे तिथंच उघड होतं.

मूल 'ब-अ-ट' असं वाचतं आणि शब्द जुळतच नाही. काय चुकतं?

शिकवणाऱ्याचा उच्चार चुकतो. आपण 'बी'चा आवाज 'ब' सांगतो, पण मराठी 'ब'मध्ये 'अ' दडलेला आहे. 'ब', 'ॲ', 'ट' जोडून 'बॅट' होत नाही, 'बअॲटअ' होतं. इलाज आपल्याच लिपीत आहे: पाय मोडा. ब्, ॲ, ट्. मुलांना हलन्त चिन्ह ठाऊक असतं. 'इंग्रजीतलं प्रत्येक व्यंजन पाय मोडलेलं असतं' एवढं एक वाक्य त्यांना लगेच पटतं.

सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा: स्, म्, न्, फ्, ल्. 'म्म्म्ॲॲॲन्न्न्' असं न तोडता ओढत नेलं की 'मॅन' ऐकू येतो. ब्, ट्, ड्, क् हे आवाज ओढता येत नाहीत, म्हणून ते आधी शब्दाच्या शेवटी आणा: मॅट, सॅड, मड. ते जमलं की मग सुरुवातीला: बॅट, डॉग.

तरीही जुळत नसेल तर पहिले दोन आवाज आधी जोडून घ्या, 'मॅ', आणि मग 'ट्'. मराठी मुलांना ही रीत विशेष मानवते, कारण 'मॅ' हे त्यांच्या ओळखीचं, बाराखडीतल्यासारखं अक्षर आहे.

मराठी उच्चारांची सवय आड येते का?

काही ठिकाणी येते, बऱ्याच ठिकाणी उलट मदत होते.

मदत आधी. मराठीत 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वतःची चिन्हं आहेत, त्यामुळे बॅट आणि बॉल यांतले स्वर समजावणं सोपं जातं. मराठीत 'ज' दोन प्रकारे उच्चारला जातो: 'जीभ'मधला आणि 'गाजर'मधला. इंग्रजी 'जे'साठी 'जीभ'चा ज, आणि 'झेड'साठी 'गाजर'च्या जवळचा, फक्त जीभ टाळूला न टेकवता भुणभुण करत काढायचा. तसंच 'सीएच' म्हणजे 'चहा'चा च, 'चमचा'चा नव्हे. 'स्कूल', 'स्टॉप' यांची सुरुवातही मराठी जिभेला जड जात नाही, 'स्त्री', 'स्वच्छ' हे शब्द ती रोज उच्चारते.

अडचणी चार आहेत. एक, पेन आणि पॅन, बेड आणि बॅड यांत फरक न करणं. दोन, शिप आणि शीप: मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, पण बोलताना तेवढं जपत नाही, म्हणून कानाला तो फरक नवा असतो. तीन, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्हींना 'व'. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून एक, ओठांचा चंबू करून दुसरा. एक छोटा आरसा पुरतो. चार, शब्दाच्या शेवटची जोडाक्षरं: फिल्मचं 'फिलम', मिल्कचं 'मिलक'. हे लिहितानाही दिसतं, मूल मधे एक जास्तीचा स्वर घालतं.

'टी' आणि 'डी' मराठी ट-ड सारखे उच्चारले तर काही बिघडत नाही. त्यावर वेळ घालवू नका. उच्चार परदेशी वाटणं हे वाचन शिकवण्याचं उद्दिष्ट नाही.

इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहून द्यावा का?

नको. गाईडांत ही पद्धत सर्रास दिसते आणि नुकसानही तीच सर्वांत जास्त करते. ओळीवर देवनागरी दिसली की डोळा तिकडेच जातो. मूल मराठी वाचतं आणि मोठ्यांना वाटतं इंग्रजी वाचतंय. देवनागरी उच्चार शिक्षकानं स्वतःच्या टाचणात जरूर लिहावा, पालकांनी वेगळ्या वहीत लिहावा. पाठ्यपुस्तकाच्या ओळीवर नाही. आधीच लिहिलेलं असेल तर खोडरबर घ्या आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचायला द्या. खरी पातळी कळेल.

नियम किती सांगायचे?

थोडे, आणि ज्यांचं पुढचं वाचन लगेच सुधारेल असेच. मुका 'ई' पहिला: टॅपला 'ई' लागला की टेप, किटला लागला की काइट, हॉपला लागला की होप. सहा जोड्या फळ्यावर लिहा आणि 'ई' पुसत-लिहीत वाचून घ्या, व्याख्या सांगायची गरज पडत नाही. दुसरा, 'सी'पुढे ई, आय किंवा वाय आला की 'स', एरवी 'क'. तिसरा, छोट्या स्वरानंतर शब्दाच्या शेवटी येणारा 'सी-के': बॅक, सिक, डक. चौथा, दोन अक्षरं मिळून एक आवाज: एस-एच, सी-एच, टी-एच, ई-ई, ओ-ओ, ए-आय.

मूल लगेच विचारेल की 'हॅव' आणि 'गिव्ह' यांत शेवटी 'ई' असून स्वर का बदलला नाही. इंग्रजी शब्द सहसा 'व्ही'वर संपत नाही, म्हणून तिथं 'ई' आधारापुरता उभा आहे, हे उत्तर खरंही आहे आणि मुलांना आवडतंही. 'जी'पुढे ई, आय किंवा वाय आला की 'ज', हा 'जी'चा नियम मात्र शिकवू नका. गेट, गर्ल, गिव्ह हे रोजचे शब्दच तो मोडतात.

द, वॉज, सेड, वन असे शब्द आवाज जोडून येत नाहीत. ते पाठच करून घ्यायचे का?

पूर्ण शब्द चित्रासारखा पाठ करून घेण्यापेक्षा शब्दातला वाकडा भाग तेवढा दाखवा. 'सेड'मध्ये एस आणि डी सरळच आहेत, फक्त मधला ए-आय 'ए' वाजतो. त्या दोन अक्षरांखाली लाल रेघ मारा. आठवड्याला तीन-चारच शब्द घ्या, आणि ते त्या आठवड्याच्या वाक्यांत यायलाच हवेत.

एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये मुलांच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या २२० शब्दांची यादी केली होती. ती अजूनही उपयोगी आहे, पण सरसकट घोकायला नव्हे. तिच्यातले बरेच शब्द, उदाहरणार्थ कॅन, रन, बिग, स्टॉप, आवाज जोडून सहज वाचता येतात. ते बाजूला काढले की खरे आडमुठे शब्द बरेच कमी उरतात.

मूल अस्खलित वाचतं, प्रश्नांची उत्तरंही बरोबर लिहितं, पण अर्थ विचारला की गप्प. असं कसं?

हे वाक्य वाचा: 'टिंबूनं झकडी फुरकावली.' कोणी फुरकावली? टिंबूनं. काय फुरकावलं? झकडी. दोन्ही उत्तरं बरोबर, अर्थ शून्य. उताऱ्याखालचे बरेच प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उचलून लिहायचं. गुण पूर्ण मिळतात, म्हणून आजार वर्षानुवर्षं लपून राहतो.

तपासायचा सोपा उपाय म्हणजे प्रश्नाचे शब्द बदलणं. उताऱ्यात राजू ओला होऊन घरी आला आणि आईनं त्याला टॉवेल दिला असं असेल, तर 'आईनं काय दिलं' हे विचारू नका. बाहेर पाऊस होता का, ते कशावरून, असं विचारा. उत्तर मराठीत आलं तरी चालेल.

न समजण्याची कारणंही वेगवेगळी असतात आणि उपाय त्याप्रमाणे बदलतो. शब्दच माहीत नसतील तर वाचनाआधी तीन ते पाच शब्द शिकवा, ज्यांच्यावाचून गोष्ट अडते तेवढेच. चित्र, कृती किंवा एका मराठी शब्दानं. दहा-पंधरा शब्दांची यादी दिली की एकही टिकत नाही.

शब्द येतात पण वाक्य लागत नाही, असं असेल तर वाक्यरचना बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यामागोमाग. आपण 'टेबलाखाली' म्हणतो, म्हणजे 'खाली' नामाला मागून चिकटतो. इंग्रजीत 'अंडर' आधी येतो आणि नाम नंतर. मूल शब्द एकेक करून मराठीत उलटवत गेलं तर हाती कडबोळं येतं. यासाठी वाक्यात पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारून गट पाडा: 'द कॅट / स्लेप्ट / अंडर द टेबल'. तीन गट, तीन प्रश्न: कोण, काय केलं, कुठं. रोज पाच वाक्यं, दोन आठवडे.

सर्वनामांकडे सहसा कुणी बघत नाही. मराठीत पुष्कळदा क्रियापदावरूनच बाई की पुरुष ते कळतं, आणि कर्ता गाळला तरी चालतं. इंग्रजीत 'वेंट' कुणालाही लागतो, म्हणून 'ही', 'शी', 'इट', 'देम' कुणासाठी आलेत हे धरून ठेवावं लागतं. परिच्छेदातल्या प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या माणसापर्यंत बाण काढायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे, पण मूल कुठं हरवतं ते कागदावर दिसतं.

वर्गात मराठीत अर्थ सांगावा की नाही?

सांगावा, पण प्रत्येक ओळीनंतर नाही. 'आता बाई मराठीत सांगतीलच' हे कळलं की मुलं इंग्रजी ओळीकडे बघणंच सोडतात. वाचनाआधी दोन वाक्यांत मराठीत पार्श्वभूमी द्या, मग पूर्ण परिच्छेद इंग्रजीत, मग मुलांनी मराठीत सांगायचं काय कळलं ते. भाषांतर कुणी करायचं हा मुद्दा आहे. ते मुलांनी करावं.

गोष्टीचं पुस्तक कोणत्या पातळीचं द्यावं?

मदतीशिवाय समजून वाचायचं तर मजकुरातले शंभरातले सुमारे ९८ शब्द माहीत असावे लागतात, असं हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे पन्नास शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द एकच. तुम्ही शेजारी बसणार असाल तर शंभरात पाचपर्यंत चालतात. त्याहून जास्त असतील तर ते पुस्तक वाचून दाखवायला ठेवा.

सहावीतल्या मुलाला 'इयत्ता सहावीचं' पुस्तक द्यायची घाई इथंच अंगाशी येते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर चार पातळ्यांत लावलेल्या चित्रगोष्टी मोफत मिळतात आणि त्यांतल्या कित्येक मराठीतही आहेत. तीच गोष्ट आधी मराठीत आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीत वाचली की अर्थाचा भार हलका होतो आणि लक्ष शब्दांवर राहतं.

'माझ्यामागून म्हणा' ही पद्धत चुकीची आहे का?

एकदा ऐकवायला ठीक, पण रोज तेच असेल तर मुलं पुस्तकाकडे न बघता म्हणतात. परीक्षा सोपी आहे: शेवटच्या ओळीपासून वाचायला सांगा, किंवा मधल्याच शब्दावर बोट ठेवा.

त्याऐवजी साठ ते शंभर शब्दांचा उतारा जोडीनं वाचायला द्या. तुम्ही एकदा वाचून दाखवा, मग जोडीतल्या प्रत्येकानं तीनदा, दुसऱ्यानं बोट फिरवत ऐकायचं. एकेका मुलाला उभं करून ओळ-ओळ वाचून घेण्यात चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही.

मिनिटाला किती शब्द यायला हवेत?

पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेत तिसरीच्या अखेरीला मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट आहे. तो आकडा समोर ठेवून, घराबाहेर-घरात कुठंच न ऐकलेल्या इंग्रजीला घड्याळ लावू नका. अमेरिकी शाळांचे तक्ते तर अजिबात नकोत, ते इंग्रजी बोलत वाढलेल्या मुलांचे आहेत. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा. त्याच पातळीचा नवा उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द मोजा. आणि नंतर दोन प्रश्न विचाराच, नाहीतर मुलं फक्त पळायला शिकतात.

सातवीतल्या मुलाला अजून वाचता येत नाही. आता उशीर झाला का?

नाही. आधी दहा मिनिटं तपासणी. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत वापरतात तसा चढता क्रम घ्या: मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं. त्यात पाच बनावट शब्द मिसळा: व्हिब, टॅफ, नॉम, स्लिब, ग्रॅप अशा धाटणीचे. खरे शब्द येतात आणि बनावट येत नाहीत, तर मूल आतापर्यंत पाठांतरावर तरलं आहे. मग आवाजांपासून सुरुवात, पण वेगानं: दिवसाला तीस मिनिटं, आठवड्याला सहा अक्षरं किंवा अक्षरजोड्या. ससा-कासवाची चित्रं असलेली बालवाडीची वही देऊ नका, मुलगा लाजेनं बसणारच नाही. क्रिकेटचे धावफलक, दुकानांच्या पाट्या, औषधाची किंवा बिस्किटाची वेष्टणं वापरा.

मराठीही कच्चं असेल तर मराठी आधी पक्कं करा. तिथं लागलेला वेळ इंग्रजीत वसूल होतो.

आम्हा आईवडिलांना इंग्रजी येत नाही. घरी काय करू?

रोज दहा मिनिटं शेजारी बसून ऐका. तेच पान तीन दिवस वाचू द्या. वाचून झालं की 'मला मराठीत सांग बघू' म्हणा. सांगता आलं नाही तर पान जड आहे, वहीत खूण करून बाईंना दाखवा. उच्चार दुरुस्त करू नका. आणि रात्री मराठी गोष्टी वाचून दाखवणं थांबवू नका.

अक्षरं उलटी होतात, वाचन फार मंद आहे. अध्ययन अक्षमता असेल का?

बी-डी उलट होणं सात-आठ वर्षांपर्यंत सर्रास दिसतं, त्यावरून घाबरू नये. आधी मराठी वाचन बघा. तिथंही जोडाक्षरं गळतात, वेलांट्या-उकार हरवतात, दोन वर्षं नीट शिकवूनही मूल अक्षर-अक्षर चाचपडतं, तर तपासणी करून घ्या. मराठी छान आणि इंग्रजीच अडलेलं असेल तर पहिला संशय शिकवण्याच्या पद्धतीवर घ्या. मात्र इंग्रजीची लिपी किचकट असल्यामुळे सौम्य अडचण कधीकधी तिथंच प्रथम दिसते. चार-पाच महिने आवाजांवरून पद्धतशीर शिकवूनही हलत नसेल तर थांबू नका. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी शासनमान्य केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो, दहावीच्या वर्षापर्यंत ते टाळू नका.

मोबाइलवरचं ॲप पुरेल का?

सरावाला, हो. पण ॲप आवाज आपोआप ऐकवत असेल तर मूल ऐकून बटण दाबतं. आवाज बंद करून पाच शब्द वाचून घ्या, मग ठरवा.